वसंत नव्हे, मृग

मार्च लागला की भारतातून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो. "मग, आला का तुमच्याकडे वसंत?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरची चित्रे असतात. गुलाबी चेरीची झाडे, ट्यूलिपचे ताटवे, वर निळेशार आकाश. इकडे माझ्या खिडकीबाहेर काय असते? गाडीने रस्त्याकडेला लोटून ठेवलेला, मीठ आणि वाळू आणि धुराने काळा पडलेला बर्फाचा ढीग. त्याच्या बुडातून वाहणारे गढूळ पाणी. आणि अंगणभर चिखल. तरी मी "हो, आला की!" असेच उत्तर देते. पलीकडची मंडळी हसतात. म्हातारीला करमेनासे झाले आहे, असे त्यांना वाटत असावे.

म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे. माझे म्हणणे असे की इथला, म्हणजे बॉस्टनच्या आसपासचा 'स्प्रिंग' मराठीत आणताना आपण त्याला वसंत म्हणतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. तो आपला वसंत नाहीच. तो आपला मृग आहे.

बघा ना, आपल्याकडे वसंताची कोणी वाट पाहते का? शाळेत मुलांना 'वसंत ऋतू' हा निबंध घालायचा आणि मुलांनी तीच कोकीळ, तोच आम्रमोहोर वहीत उतरवायचा. खरे तर आंब्याला मोहोर येतो थंडीत, आणि चैत्र-वैशाख म्हणजे देशावर अंग भाजून काढणारे ऊन. वसंत आपल्याला काव्यातून मिळाला आहे. छान आहे, पण त्याच्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लागलेला मी तरी पाहिला नाही.

मृगाचे तसे नाही. मे महिना सरत आला की सारा गाव आभाळाकडे डोळे लावून बसतो. कावळ्याने घरटे किती उंचावर बांधले, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, पावशा "पेरते व्हा" म्हणून ओरडला की नाही, सगळ्यावर नजर. मग ७ जूनच्या आगेमागे एखाद्या संध्याकाळी मातीचा वास येतो, बेडूक ओरडतात, शेतात मृगाचे लाल मखमली किडे दिसतात, आणि अंगणात चिखल होतो. त्या चिखलाला आपण कधी घाण म्हटले आहे का? चिखल झाला म्हणजे जीव वाचला. आपल्या वाटेचे, आपल्या आशेचे ऋतुमान हे आहे. इथल्या माणसाचे तेच सगळे मार्चमध्ये चालते. उन्हाळ्याने नव्हे, बर्फाने कोंडलेला असतो, एवढाच फरक.

हे मनाशी एकदा जुळले की मार्च महिना कुरूप दिसत नाही. मात्र नेमके काय बघायचे ते कळायला हवे, कारण खोट्या खुणा इथे पुष्कळ आहेत.

पहिली खोटी खूण म्हणजे २ फेब्रुवारीचा ग्राउंडहॉग. हा घुशीसारखा एक लठ्ठ प्राणी. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून त्याला त्या दिवशी पहाटे बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे. इथल्या हवामान खात्याने हिशेब काढला तर त्याचे भाकीत दहात चारदाच खरे ठरते म्हणे. नाणे उडवले असते तरी बरे. गंमत अशी की आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानेही २०१४ मध्ये आपला एक अधिकृत ग्राउंडहॉग नेमला. दुसरी खोटी खूण रॉबिन पक्षी. पुस्तकांत सगळीकडे पहिला रॉबिन म्हणजे स्प्रिंग. पण बरेच रॉबिन हिवाळाभर इथेच, झाडांवरची उरलेली फळे खात राहतात. जानेवारीतल्या कडाक्यात मी त्यांचा थवा पाहिला आहे. तिसरी खूण आमच्या जावईबापूंची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे सामान भरलेला ट्रक फ्लोरिडाकडे सरावासाठी रवाना होतो. त्या दिवशी आमच्या घरात हिवाळा संपल्याची घोषणा होते. बाहेर दीड फूट बर्फ असतो. असो. आशेला कारण लागत नाही.

आणि २० मार्च ही कॅलेंडरची तारीख तर सोडूनच द्या. २०१५ सालचा हिवाळा इथले कोणी विसरणार नाही. मी तेव्हा इथेच होते. त्या मोसमात बॉस्टनला ११०.६ इंच, म्हणजे पावणेतीन मीटरहून अधिक बर्फ पडला. १५ मार्चला जुना विक्रम मोडला आणि २१ मार्चला आपला गुढीपाडवा होता. अंगणात गुढी रोवायला जमीनच सापडेना! शेवटी खिडकीतून काठी बाहेर काढून आतून बांधली. शहरात गोळा केलेला बर्फ बंदराजवळ एका जागी टाकला होता, त्याचा डोंगर वितळून संपला तो १४ जुलैला. तारखेने ऋतू येत असता तर काय हवे होते.

मग खरी खूण कोणती? माझ्या मते पहिली खूण उजेडाची. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण म्हणतो. पुण्यात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो, त्यामुळे तीळ खरोखरच तिळाएवढा. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा. साडेचारच्या आत दिवा लावायची वेळ. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तो रोज अडीच-तीन मिनिटांनी वाढतो. तीळ कसला, मूठमूठ शेंगदाणे! आठवड्यात वीस मिनिटे पदरात पडतात. थंडी तशीच असते, बर्फही तसाच, पण दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन आजवर जिथे पोचत नव्हते तिथे पोचते. हे बघायला दाराबाहेरही जावे लागत नाही.

दुसरी खूण मेपलच्या झाडांना टांगलेल्या बादल्या. रात्री पाणी गोठेल अशी थंडी आणि दिवसा बर्फ वितळेल इतपत ऊब, असे आळीपाळीने होऊ लागले की शुगर मेपलच्या खोडातून रस झिरपतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून पाच-सहा आठवडे हा हंगाम. रस चवीला जवळजवळ पाण्यासारखा. चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक होतो. आपल्या गुऱ्हाळाशी तुलना करून बघा म्हणजे त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटेल. आणि कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते, काम बंद. म्हणजे झाडाला जाग येण्याआधी, झोपेत कूस बदलतानाच काय ते मिळवायचे.

पण माझी लाडकी खूण तिसरी, आणि ती चांगलीच कुरूप आहे. ओढ्याकाठच्या दलदलीत फेब्रुवारी-मार्चमध्येच बर्फातून एक टोकदार, काळपट जांभळ्या रंगाचे, ठिपक्याठिपक्यांचे बोंड वर येते. तिचे नाव स्कंक कॅबेज. स्कंक हा दुर्गंधी सोडणारा प्राणी, त्यावरून वासाची कल्पना यावी. ही वनस्पती स्वतःच्या अंगात उष्णता तयार करते. खरोखरची उष्णता, भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे तिच्याभोवतीचा बर्फ वितळून गोल आळे तयार होते. सडक्या वासाला माशा येतात आणि परागीभवन होते. सारे रान झोपलेले असताना हिचा संसार सुरू.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी थबकलेच. हे मी कुठे तरी पाहिले आहे! आणि आठवले, शेवळं! ठाण्या-रायगडाकडच्या मंडळींना सांगायला नको. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर रानात जमिनीतून वर येणारी ती तांबूस-जांभळी शेवळं, जी कातकरी बायका जुड्या बांधून बाजारात आणतात आणि काकडं घातल्याशिवाय जिची भाजी घशाला खाजते. दोघी एकाच कुळातल्या, आपल्या अळू-सुरणाच्या. एक बर्फ फोडून येते, दुसरी पावसाने भिजलेली माती. (स्कंक कॅबेज मात्र कोणी चाखून बघू नये. अळूची खाज परवडली.) इथला स्प्रिंग म्हणजे आपला मृग हे माझ्या मनाने घेतले ते त्या दिवशी.

त्याच सुमाराला, मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पाणकणसाच्या वाळक्या दांड्यांवर रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड येऊन बसतो. काळाभोर, खांद्यावर लाल पट्टी. नर आधी येतात, जागा धरायला, जणू एस.टी.त रुमाल टाकायला. त्याचा आवाज गोड मुळीच नाही, गंजलेली बिजागरी करकरावी तसा आहे. पण तो हमखास दक्षिणेकडून आलेला असतो. रॉबिनपेक्षा मी याच्यावर विश्वास ठेवते. हा माझा पावशा.

मग बेडूक. यांच्याबद्दल लिहू लागले तर दुसरा लेख होईल. इथल्या वुड फ्रॉगची गोष्ट मला नातीने प्रथम सांगितली तेव्हा शाळेतल्या बाईंनी काहीतरी फुगवून सांगितले असेल असे वाटले. पण ते खरे आहे. हा बेडूक पालापाचोळ्याखाली हिवाळाभर अक्षरशः गोठून पडतो. अंगातले निम्म्याहून अधिक पाणी बर्फ होते, हृदय बंद पडते, श्वास थांबतो. रक्तातली साखर भरमसाट वाढून पेशींना सांभाळते. आणि उबेने वितळला की काही तासांत हृदय पुन्हा सुरू! आपला पिवळाधमक बेडूकही उन्हाळाभर जमिनीत गाडून घेतो आणि पहिल्या पावसाला बाहेर येतो, पण हा म्हणजे पुनर्जन्मच.

आणि मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी, बर्फ उतरल्यावरची पहिली कोमट पावसाळी रात्र येते. त्या एका रात्री सॅलमँडर निघतात. दिसायला सरड्यासारखे, पण बेडकाच्या गोतातले. काळे, पिवळ्या ठिपक्यांचे, वीतभर लांब. वर्षभर जमिनीखाली राहतात आणि या रात्री बर्फाच्या पाण्याने भरलेल्या तळ्यांकडे अंडी घालायला चालत जातात. ही तळी उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे त्यांत मासे नसतात आणि अंडी सुरक्षित राहतात. मधे डांबरी रस्ता आला तर गाड्यांखाली सापडतात. म्हणून गावोगावची माणसे कंदील-टॉर्च घेऊन, रेनकोट घालून, पावसात रात्री रस्त्यावर उभी राहतात आणि त्यांना हाताने पलीकडे नेऊन सोडतात. ॲम्हर्स्ट गावात तर १९८७ मध्ये रस्त्याखालून त्यांच्यासाठी छोटे बोगदे बांधले. वारीला वाट करून देतात तसे मला वाटते.

हे सगळे होते तेव्हा एकही ट्यूलिप उमललेले नसते. डोंगरउतारावर जरा लालसर छटा येते ती रेड मेपलच्या बारीक फुलांची. पाने नाहीत, नुसती फुले, आपल्या पांगाऱ्यासारखी, काटेसावरीसारखी. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूचे मॅग्नोलिया एप्रिलच्या मध्यावर, लायलॅक मे महिन्यात. पाहुण्यांना आपण ते दाखवायला नेतो आणि म्हणतो, हा बघा स्प्रिंग. मला हे म्हणजे शेवटची पंगत उठताना कार्याला पोचण्यासारखे वाटते. जेवण मिळते, पण लग्न लागलेले असते.

आता यात वाद घालण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. आहे. इथे येऊन राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न आहे, आणि तो मला गंभीर वाटतो.

मुले प्रेमाने बोलावतात. पण नोव्हेंबर लागला की सूचना सुरू होतात. "आई, बाहेर जाऊ नका, ब्लॅक आइस असतो." "बाबा, घसराल." मुलांचेही खरे आहे. दिसत नाही असा बर्फाचा पापुद्रा रस्त्यावर असतो आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर अंथरूण सुटत नाही. आमच्या ओळखीतल्या एक बाई टपालपेटीपर्यंत गेल्या आणि पडल्या, पुढे वर्षभर काठी सुटली नाही. त्यामुळे घरोघरी म्हातारी माणसे पाच महिने हीटरच्या झोतात, दूरदर्शन मालिकांपुढे बसतात. या उदासीला १९८४ साली नॉर्मन रोझेंथल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर वैद्यकीय नाव दिले, ऋतूगणिक येणारे औदासीन्य. उजेड कमी झाला की ते येते. पण आपल्या पिढीला असले काही सांगता येत नाही. ती "गुडघे दुखतात" म्हणते.

शेजारच्या गावातले एक निवृत्त गृहस्थ फेब्रुवारीअखेर तिकीट बदलून भारतात परत गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, इथे सगळे मेलेले आहे हो." त्या आठवड्यात त्यांच्या घरामागच्या ओढ्याकाठी शेवळांची ती अमेरिकन बहीण बर्फातून डोके वर काढत असणार. कोणी त्यांना नेऊन दाखवली नव्हती. मुलाने त्यांना दाखवायचे ठरवले होते ते मे महिन्यातले ट्यूलिप. तोवर टिकायचे कशाच्या बळावर?

म्हणून मुलांना माझे सांगणे आहे. आईवडिलांना "मे मध्येच या, छान हवा असते" असे सांगणे सोपे आहे, आणि जे जास्त दिवस राहणार आहेत त्यांना घरात जपून ठेवणेही सोपे आहे. त्यापेक्षा बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणा, वीसेक डॉलरच्या आत येतात. रविवारी तासभर काढा. मॉलमध्ये नेऊ नका, दलदलीकाठी न्या. जिथे फळ्यांची पायवाट केलेली असते तिथे नेले तर पायही सुरक्षित. एप्रिलपासून गोचिडी बघा, इथल्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होतो, घरी आल्यावर पायमोजे झटकायचे. बाकी काही लागत नाही. मृगाची वाट पाहत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना खुणा वाचायला शिकवावे लागत नाही. खूण कुठे आहे तेवढेच दाखवावे लागते.

वडीलधाऱ्यांना सांगणे एवढेच की एक वही करा. मी केली आहे. पहिला ब्लॅकबर्ड कधी, अंगणातला बर्फ पूर्ण कधी गेला, बेडकांचा आवाज कोणत्या रात्री, फोर्सिथियाला पिवळे फूल कधी. (फोर्सिथियाच्या फांद्या फेब्रुवारीअखेर तोडून घरात पाण्यात ठेवल्या तर पंधरा दिवसांत फुलतात. आमच्या गुढीला झेंडू नाही मिळाला तर तीच.) हा रिकामटेकडा उद्योग नाही. आमच्या जवळच कॉन्कॉर्ड आहे. तिथले थोरो, ज्यांचा सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी वाचला तेच, १८५० च्या दशकात रानफुले कोणत्या दिवशी उमलली याच्या नोंदी ठेवत. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रिमॅक यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या नोंदी काढून, त्याच गावात पुन्हा फुले बघत हिंडून ताडून पाहिले. फुले सरासरीने आठवडाभर, काही तर त्याहूनही बरीच आधी उमलू लागली आहेत. वॉल्डन तळ्यावरचा बर्फही आता लवकर फुटतो. थोरोंनी ते वहीत लिहिले नसते तर हवा बदलते आहे, हे या गावाला इतक्या नेमकेपणाने कोण सांगणार होते?

आपल्याकडेही सीझनवॉच या उपक्रमात लोक आंबा, बहावा अशा झाडांच्या पानाफुलांची नोंद दर आठवड्याला करतात. शाळा त्यात भाग घेतात. माझ्या ओळखीच्या शिक्षकांनी त्याकडे जरूर पाहावे, 'वसंत ऋतू' हा निबंध मुले मग वहीतून नाही, झाडावरून लिहितील.

माझ्या वहीत ब्लॅकबर्डच्या शेजारी मी एक रकाना मोकळा ठेवला आहे, पावशासाठी. सातारा-वाईकडच्या मंडळींनी मे महिन्यात तो पहिल्यांदा कधी ऐकला ते तारखेनिशी कळवावे. सकाळी की रात्री, तेही.